कालनिर्णयातले चौकोन : प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या निदानानंतरची चार वर्षे

हे प्रकरण इंदूरच्या लोकमान्य नगर परिसरात राहणाऱ्या एका गृहस्थांचे आहे. निदान झाले तेव्हा ते 68 वर्षांचे होते. आज 72 वर्षांचे आहेत. त्यांची सारी नोकरी विद्युत मंडळाच्या लेखा शाखेत झाली. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या संमतीने हे लिहीत आहे आणि ओळख पटू शकेल असे काही तपशील बदलले आहेत. दवाखान्यात मी त्यांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणते, तेच इथेही ठेवते. मी त्यांची कर्करोगतज्ज्ञ नाही. गेली 22 वर्षे त्यांच्या घरची डॉक्टर आहे, आणि पुढे जे घडले त्यात माझीही एक चूक आहे, ती तिच्या जागी येईल. कर्करोग आटोक्यात आहे, हे आधीच सांगून ठेवते. हे टिपण उपचारांनंतर शरीरात आणि घरात जे मागे राहते, आणि जे बहुतेक वेळा ‘वयोमानानुसार’ या एका शब्दाखाली झाकले जाते, त्याच्याविषयी आहे.

ऑक्टोबर 2021 मध्ये काका रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते म्हणून आले. पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाचा आकडा, 34 निघाला. तुकडा तपासणीत ग्लीसन गुण, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात त्याचे माप, 4+4, म्हणजे 8, असा अहवाल आला. एमआरआयमध्ये गाठ ग्रंथीच्या आवरणाबाहेर डोकावलेली दिसली, परंतु हाडांच्या स्कॅनमध्ये कुठेही पसरल्याची खूण नव्हती. म्हणजे रोग जोखमीचा, पण बरा होण्याच्या टप्प्यातला. 2016 मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झालेली होती, एक स्टेंट होता, रोज अॅस्पिरिनची गोळी चालू होती आणि शर्टाच्या खिशात, छातीत दुखले तर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटच्या गोळ्यांची डबी असे. या डबीचा संबंध पुढे येणार आहे.

शहरातील एका खासगी रुग्णालयात उपचार दोन पदरी ठरले : दोन वर्षे संप्रेरकरोधक इंजेक्शने आणि त्या काळातच किरणोपचार. प्रोस्टेटच्या बहुतेक कर्करोगांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक खतपाणी असते. ते तोडले तर गाठ आकसते, हे शिकागोचे शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवले आणि त्यासाठी 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तेव्हा खतपाणी तोडायचा मार्ग म्हणजे दोन्ही वृषणे काढणे. आज तिमाही इंजेक्शनाने मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीकडून निघणारा हुकूमच बंद करता येतो. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने तेव्हा मला फोन करून विचारले होते, की आठ महागडी इंजेक्शने घेण्यापेक्षा एकदाच शस्त्रक्रिया का करू नये. प्रश्न चुकीचा नव्हता. रोग हाडांत पसरलेला असता आणि औषध जन्मभर घ्यायचे असते, तर खर्चाचा विचार करून मी कदाचित त्याच्या बाजूने बोलले असते. आपल्याकडे अनेक कुटुंबे तोच मार्ग पत्करतात आणि गुणाच्या दृष्टीने त्यात उणे काही नाही. पण इथे मुदत दोन वर्षांची होती. इंजेक्शन थांबले की शरीराला परतायची वाट राहते, शस्त्रक्रियेनंतर ती राहत नाही. काकांनी इंजेक्शने निवडली.

पहिले इंजेक्शन नोव्हेंबर 2021 मध्ये झाले. सुरुवातीच्या दिवसांत टेस्टोस्टेरॉन आधी उसळी घेते म्हणून सोबत काही आठवडे त्याचा परिणाम अडवणाऱ्या बायकाल्युटामाइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. फेब्रुवारी-मार्च 2022 मध्ये 20 बैठकींत 60 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) किरणोपचार झाले. आमच्याकडे याला कोणी शेक म्हणतात, कोणी हिंदीतून सिकाई. रोज अर्धा लिटर पाणी पिऊन, मूत्राशय भरून आणि पोट साफ करून टेबलावर झोपायचे असे, कारण भरलेले मूत्राशय आतड्यांना वर ढकलते आणि रिकामे गुदाशय किरणांच्या वाटेतून थोडे मागे राहते. काका हे सगळे हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने करीत. शेवटच्या दिवशी पेढे वाटले गेले. शेवटचे, आठवे इंजेक्शन ऑगस्ट 2023 मध्ये झाले.

काकांच्या घरात, मध्य प्रदेशातल्या बहुतेक मराठी घरांत असतात तशी, दोन कॅलेंडरे टांगलेली असतात : तिथी-सणासाठी लाला रामस्वरूप आणि हिशेबासाठी कालनिर्णय. कालनिर्णयाच्या चौकोनांत काका दुधाचे माप, गॅसची टाकी आल्याची तारीख, कामवालीचे खाडे आणि त्याच बारीक अक्षरात स्वतःची इंजेक्शने, बैठका आणि दुखणी लिहीत. जुनी कालनिर्णये ते रद्दीत देत नाहीत. हे संपूर्ण प्रकरण मला त्या चौकोनांवरून जुळवता आले. रुग्णालयाच्या जाडजूड फाइलवरून ते जुळले नसते, कारण फाइलमध्ये अहवाल होते, पण कोणत्या उपचारानंतर किती महिन्यांनी काय होऊ शकते याचा एक कागद नव्हता.

पहिली तक्रार काकूंनी ओळखली. जानेवारी 2022, इंदुरात बऱ्यापैकी थंडी, आणि काका रात्री दोनदा-तीनदा रजई फेकून उठत. चेहरा लाल, मानेवर घाम, दोन-तीन मिनिटांत पुन्हा हुडहुडी. हृदयविकाराच्या भीतीने ईसीजी काढला गेला, तो ठीक निघाला. दवाखान्यात काका म्हणाले, “तशी काही तकलीफ नाही.” काकू शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि आवाज थोडा खाली आणून म्हटले, “डॉक्टर, माझी पाळी गेली तेव्हा मला अश्शाच वाफा येत होत्या. ह्यांना का येताहेत?” त्या क्षणी काका इतके अवघडले, की मी घाईने विषय बदलला. वास्तविक काकूंचे निदान तंतोतंत होते. स्त्रीमध्ये इस्ट्रोजेन ओसरल्यावर मेंदूतील तापमान राखणारे केंद्र जसे बिथरते, तसेच पुरुषात टेस्टोस्टेरॉन एकाएकी शून्याजवळ आणल्यावर होते, आणि ही इंजेक्शने घेणाऱ्या बहुसंख्य पुरुषांना ते कमी-अधिक सोसावे लागते. हे त्यांना आधी कोणी सांगितले असते तर ईसीजीची धावपळ टळली असती. आणि मीही त्या दिवशी सांगितले असते तर पुढचे दीड वर्ष ते ‘आपल्याला बाईसारखे काहीतरी होते आहे’ हे मनात दाबून राहिले नसते. इंजेक्शनांनी छातीवर थोडा उभार आल्यावर त्यांनी बनियनवर गंजीफ्रॉक चढवायला सुरुवात केली होती, हेही मला काकूंकडूनच, फार नंतर कळले.

आता माझी चूक. 2022 च्या पावसाळ्यात काका तीनदा आले : थकवा, पायांत बळ नाही, पायजम्याची नाडी सैल आणि पोट मात्र पुढे. केसपेपरवर तिन्ही वेळा माझ्या अक्षरात ‘वयोमानानुसार अशक्तता’ असे आहे आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आहेत. टेस्टोस्टेरॉन नसेल तर स्नायू झिजतात, त्यांच्या जागी चरबी साठते, साखर वाढते, हिमोग्लोबिन उतरते आणि हाडांतले कॅल्शियम गळू लागते, हे मला माहीत नव्हते असे नाही. ते इंजेक्शन दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या डॉक्टरांकडे दिले जात होते, म्हणून माझ्या टेबलावर त्याची आठवण झाली नाही, इतकेच.

जानेवारी 2023 मध्ये, संक्रांतीच्या आठवड्यात, काका गच्चीवर नातवाची गिल्ली उचलायला वाकले, तोल गेला आणि डाव्या हातावर पडले. पडणे उंचीवरून नव्हते, उभ्या जागचे होते; तरी मनगट मोडले. अस्थिरोगतज्ज्ञांनी प्लास्टर उत्तम घातले, हाड सरळ जुळले आणि सर्वांनी ‘घसरले’ म्हणून विषय मिटवला. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडते तेव्हा हाडाचीच चौकशी करायची असते, हा वैद्यकशास्त्राचा साधा नियम आहे. चौदा महिने टेस्टोस्टेरॉन बंद असलेल्या माणसाच्या बाबतीत तर तो पडण्याआधीच लागू होता.

मे 2023 मध्ये शौचावाटे रक्त दिसले. पहिल्या दिवशी थोडे, आठवड्याने बरेच. एका ठिकाणी मूळव्याध म्हणून मलम आणि गोळ्या दिल्या गेल्या. दुसऱ्या ठिकाणी दुर्बिणीची तपासणी ठरली, आणि गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडाही घेऊ असे सांगण्यात आले. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी काकू एकट्या दवाखान्यात आल्या. पिशवीत तीन कालनिर्णये होती. “हे म्हणतात मूळव्याध आहे,” त्या म्हणाल्या, “पण ह्यांना कधी मूळव्याध नव्हती. शेक जिथे दिला तिथूनच तर हे येत नसेल?” आम्ही 2022 चे पान उलटले. शेवटची बैठक मार्चमध्ये. रक्त पुढल्या मे महिन्यात. मध्ये चौदा महिने. किरणांमुळे गुदाशयाच्या अस्तराला होणारी उशिराची इजा साधारण याच अंतराने उगवते : सहा महिन्यांनी, वर्ष-दीड वर्षाने, कधी त्याहून उशिरा. किरणांनी बारीक रक्तवाहिन्या आतून बंद होत जातात, अस्तराला रक्त कमी पडते, आणि त्याची भरपाई म्हणून पृष्ठभागावर नाजूक, सहज फुटणाऱ्या नव्या वाहिन्यांचे जाळे तयार होते. पेढे वाटून विसरलेल्या गोष्टीचे बिल असे मागाहून येते.

त्याच रात्री मी दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. दुर्बीण हवीच होती, कारण सत्तरीच्या माणसाच्या रक्तस्रावाला किरणांचे कारण चिकटवून मोठ्या आतड्याचा वेगळा कर्करोग नजरेआड करणे हा उलट दिशेचा गाढवपणा झाला असता. अडचण तुकड्याची होती. किरण पडलेल्या पुढच्या भिंतीला रक्तपुरवठा कमी असतो. तिथे केलेली जखम भरत नाही आणि गुदाशय व मूत्रमार्ग यांच्यामध्ये आरपार वाट पडण्याचा धोका राहतो. ती वाट एकदा पडली की माणसाला पोटावर पिशवी लावून जगावे लागू शकते. दुर्बिणीखाली चित्र पुरते स्पष्ट दिसत असेल तर त्या जागेचा तुकडा घेऊ नये, असा दंडक त्यामुळेच आहे. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले. किरणोपचार झाल्याचे त्यांच्याकडच्या कागदांत कुठेच नव्हते, असे ते म्हणाले, आणि ते खरे होते. बाकीचे आतडे स्वच्छ निघाले. पुढच्या भिंतीवर तांबड्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या वाहिन्या दिसल्या. तुकडा घेतला गेला नाही.

हिमोग्लोबिन 9.6 होते. त्याला दोन कारणे होती, गळणारे रक्त आणि टेस्टोस्टेरॉनचा अभाव, आणि त्यातल्या एकाच कारणावर लोहाच्या गोळ्यांचा उपयोग होणार होता, हे काकांना स्पष्ट सांगितले. सुक्राल्फेटचा एनिमा रोज दोनदा, इसबगोल, आणि मग आर्गॉन वायूच्या साहाय्याने त्या वाहिन्या वरवर जाळून बंद करण्याच्या दोन बैठका, इतक्यावर रक्त थांबले. अॅस्पिरिन बंद करावी असे सगळ्यांनाच वाटत होते; हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्यावर त्यांनी ती चालू ठेवायला सांगितली आणि तेच योग्य ठरले. एक मात्र मुद्दाम नोंदवते : शौचाला जोर करू नये आणि कुणी सुचवले तरी गुदद्वारावर मूळव्याधीची कसलीही सुई किंवा रबरबँड लावून घेऊ नये, हे मी त्यांना कागदावर लिहून दिले. पुढच्या डॉक्टरपर्यंत फाइल पोहोचेलच असे नाही. कागद खिशात राहतो.

त्या संध्याकाळच्या तीन कालनिर्णयांवरून मी आणि काकूंनी एक आडवा तक्ता केला. डावीकडे महिने, मध्ये उपचार, उजवीकडे तक्रारी. तक्ता पुरा झाल्यावर गेल्या दीड वर्षाची एकही तक्रार निराधार उरली नाही. थकवा, पोट, मनगट, वाफा, रक्त, प्रत्येकाच्या डाव्या हाताला एक तारीख होती. काकूंनी तक्ता बघून फक्त एवढेच म्हटले, “म्हणजे हे म्हातारे झाले नाहीत.”

त्यानंतरचे काम बरेचसे साधे होते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर उणे 2.9 आला, म्हणजे उघड अस्थिविरळता. हाडांसाठी वर्षातून एकदा शिरेतून देण्याच्या झोलेड्रोनिक आम्लाआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात : मूत्रपिंडे, ड जीवनसत्त्व आणि दात. या औषधावर असताना दाढ काढली तर जबड्याचे हाड न भरण्याचा दुर्मिळ पण वाईट प्रकार होऊ शकतो. काकांची एक दाढ हलत होतीच. ती जूनमध्ये काढली, जखम पूर्ण भरू दिली, ड जीवनसत्त्वाची तूट भरून काढली आणि पहिले सलाइन ऑगस्ट 2023 मध्ये दिले. त्यानंतर दोन दिवस ताप आणि अंगदुखी होते, हे आधी सांगून ठेवले होते. ताप आला, काकांनी पॅरासिटामॉल घेतली आणि कालनिर्णयात ‘ठरल्याप्रमाणे ताप’ असे लिहिले. हे दोन शब्द मला फार आवडले.

एचबीए1सी, म्हणजे रक्तातील साखरेच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचे माप, 2021 मध्ये 5.9 होते ते 7.1 झाले होते. मेटफॉर्मिन सुरू केले. सकाळच्या पोह्यांवरची शेव आणि सोबतची जिलबी यांवर इंदुरात कुणाला उपदेश करण्यात अर्थ नसतो. जिलबी रविवारपुरती ठेवू, असा तह झाला आणि तो बऱ्यापैकी पाळला गेला. व्यायामाबाबत मात्र काकांचा ठाम समज होता, की ते रोज पाच किलोमीटर चालतात तेवढे पुरे. चालण्याने हृदयाला आणि साखरेला फायदा होतो, पण झिजलेला स्नायू परत आणायला त्याच्यावर भार टाकावा लागतो. फिजिओथेरपिस्टने त्यांना हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितले. पहिल्या दिवशी एकदाही जमले नाही आणि त्यांचा चेहरा उतरला. मांड्या संपल्या होत्या. पाण्याने भरलेल्या बाटल्या, रबरी पट्टे, जिन्याच्या पायऱ्या आणि तोल साधण्याचे व्यायाम असे आठवड्यातून तीन दिवस चालू झाले. डिसेंबरमध्ये ते सलग बारा वेळा उठले. तो आकडाही चौकोनात आहे.

लघवीची घाई ही या प्रकरणातली सर्वांत चिवट तक्रार. किरणांमुळे मूत्राशय थोडे आक्रसते, भिंत कडक होते, आणि लागली की थांबवत नाही. काकांनी त्यावर स्वतःचे उपाय केले होते आणि ते बहुतेक उलटे होते : बाहेर जायचे असले की पाणी बंद (त्यामुळे लघवी घट्ट होऊन जळजळ वाढे), आणि दर अर्ध्या तासाने जाऊन येणे (त्यामुळे मूत्राशयाला थोड्यावरच ओरडायची सवय लागे). इंदूर 2017 पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिले आले, याचे कौतुक पाहुण्यांपुढे आम्ही सगळेच करतो. पण त्या क्रमांकाचा खरा हिशेब काकांना ठाऊक होता. घरापासून राजवाड्यापर्यंतचे प्रत्येक सार्वजनिक स्वच्छतागृह, त्याची वेळ आणि त्याची अवस्था त्यांना पाठ होती.

याच स्वच्छतेची दुसरी बाजू त्यांना बोचली. थोडी गळती होई म्हणून, आणि रक्ताच्या दिवसांत तर रोजच, ते पॅड वापरीत. इंदुरात कचरागाडीवर ओला, सुका, प्लास्टिक असे वेगवेगळे कप्पे असतात आणि पॅड-डायपरचा कप्पाही वेगळा असतो. सकाळी गाणे वाजवत गाडी येते, गल्लीतल्या बायका डबे घेऊन बाहेर येतात, आणि ज्या घरात ना तान्हे मूल ना पाळीच्या वयाची बाई, त्या घरातून रोज त्या कप्प्यात एक पुडके पडते. काकू ते पुडके वर्तमानपत्रात दुहेरी बांधून, शेजारणी पांगल्यावर, गाडी कोपऱ्यावर वळता वळता धावत जाऊन टाकीत. दीड वर्ष हा क्रम चालला. एकदा शेजारणीने विचारलेच. काकूंनी “माझेच आहेत, खोकला आला की थेंब जातात,” असे सांगून टाकले. काकांना हे आजवर माहीत नव्हते. या लेखाची संमती घेताना काकूंनी मुद्दाम ते लिहायला सांगितले.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये बाळंतिणींसाठी मांडले होते, हे मी अनवधानाने सांगून बसले आणि काकांनी “बायकांचे व्यायाम” म्हणून ते पंधरा दिवस केलेच नाहीत. मग सुरू केले तेही चुकीचे : श्वास कोंडून, नितंब आवळून. वायू अडवताना जो स्नायू आवळला जातो तोच, श्वास चालू ठेवून, पाच-सहा सेकंद, मग तितकाच वेळ सैल, हे समजायला दोन भेटी लागल्या. घाई लागली की धावायचे नाही. जागीच उभे राहायचे, तो स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळायचा, लाट ओसरू द्यायची आणि मग सावकाश जायचे. या एका युक्तीने औषधाइतके काम केले. औषध म्हणून मिराबेग्रॉन दिले, रक्तदाबावर लक्ष ठेवून. जुन्या पद्धतीच्या गोळ्या या वयात डोके गोंधळवतात म्हणून टाळल्या.

डोके गोंधळण्याची भीती काकांना वेगळ्याच कारणाने होती. 2022 मध्ये गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या जमाखर्चात त्यांची बेरीज दोनदा चुकली होती. चाळीस वर्षे ज्याने विद्युत मंडळाचे ताळेबंद जुळवले त्याला हा अपमान कोणत्याही दुखण्याहून मोठा. टेस्टोस्टेरॉन रोखल्याने स्मरणावर किती परिणाम होतो याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मनावर मात्र होतो, आणि काकांचा झाला होता. दूरदर्शनवरच्या साध्या प्रसंगांना डोळे भरत, मुलाच्या फोनवर ते चिडत. हृदयरोगतज्ज्ञांना विचारून वेनलाफॅक्सिन लहान मात्रेत दिले, कारण ते वाफा आणि उदासी दोन्हींवर थोडेथोडे चालते. पुढे ते हळूहळू कमी करत बंद केले.

एक प्रश्न मी दोन वर्षांहून अधिक काळ विचारला नव्हता. मी बाई, ते वडीलधारे, आणि काकू समोर. फेब्रुवारी 2024 मध्ये काकू बाहेर बसल्या असताना मी तो विचारला. काका खिडकीच्या पडद्याकडे बघत म्हणाले, “आता या वयात काय ते.” मी एवढेच सांगितले, की इच्छा गेली ती औषधाने गेली आहे, तुम्ही बदललेले नाही, आणि ताकदीचा प्रश्न किरणांमुळे वेगळा असू शकतो, दोन्हींवर बोलता येते. ते उठून गेले. चार दिवसांनी काकूंनी कपाटात सापडलेली पाकिटे आणून ठेवली. चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानातून घेतलेल्या, ताकदीसाठीच्या सिल्डेनाफिलच्या गोळ्या. खिशात सॉर्बिट्रेट आणि कपाटात सिल्डेनाफिल. ही दोन औषधे एकमेकांच्या जवळपास पोटात गेली तर रक्तदाब इतका कोसळू शकतो, की हृदयविकाराच्या माणसाच्या जिवावर बेतावे. सुदैवाने त्यांनी एकच गोळी घेतली होती आणि छातीत दुखले नव्हते. शिवाय त्या गोळीने इच्छा निर्माण होत नाही, फक्त असलेल्या इच्छेला साथ मिळते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. गोळी ‘लागू पडली नाही’ म्हणून ते आणखी खचले होते.

या निमित्ताने काकू प्रथमच बोलल्या. रात्री सारखे उठावे लागते म्हणून काका 2022 पासून पुढच्या खोलीत झोपत. “मला वाटलं, मी नकोशी झाले,” त्या म्हणाल्या. काकांना वाटत होते, की आपण त्यांची झोपमोड वाचवतो आहोत. मी यात फार बोलले नाही. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून सॉर्बिट्रेटची खरोखर गरज आहे का ते तपासले, सिल्डेनाफिलची पाकिटे माझ्याकडे ठेवून घेतली, गोळीऐवजी वापरता येणाऱ्या निर्वात पंपाचा पर्याय समजावून सांगितला. पर्याय त्यांनी घेतला नाही. पलंग मात्र आतल्या खोलीत परत गेला. काकांच्या बाजूला, दाराजवळ.

नोव्हेंबर 2024 मध्ये घरात पुन्हा एकदा पळापळ झाली. पीएसए 0.03 वरून 0.28 झाला. मुलाचा पुण्याहून फोन : “जवळजवळ दहापट झालाय, डॉक्टर.” गणित बरोबर होते, अर्थ चुकीचा. किरणोपचारांत ग्रंथी जागेवरच राहते. इंजेक्शने थांबून टेस्टोस्टेरॉन परतू लागले की त्या उरलेल्या निरोगी पेशीही थोडा पीएसए सोडू लागतात. त्याच चिठ्ठीत टेस्टोस्टेरॉन 240 आले होते, म्हणजे शरीर परतीच्या वाटेवर होते. किरणोपचारांनंतर रोग उलटला असे म्हणायला पीएसए त्याच्या नीचांकाच्या 2 अंक वर जावा लागतो, ही 2006 पासून वापरात असलेली फिनिक्स व्याख्या मी मुलाला सांगितली. 0.03 अधिक 2, म्हणजे 2.03. काकांनी तो आकडा कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहून त्याभोवती चौकट काढली. त्यानंतरच्या तिन्ही तपासण्या 0.3 च्या आसपास आहेत.

वाफा इंजेक्शने थांबल्यावर सुमारे वर्षभराने विरल्या. छातीचा उभार राहिला. 2025 च्या डेक्सामध्ये खुबा उणे 2.5 वर आला आहे. रक्त वर्षातून एखाद्या वेळी कपड्याला लागते, तेवढ्याने आता कोणी धावत नाही. घाई आहे, पॅड बाहेर जातानाच लागते, आणि पुडके आता काका स्वतः गाडीत टाकतात. हा बदल कसा झाला ते दोघांपैकी कोणीही मला सांगितलेले नाही.

इंदुरात मराठी नाटके आणणाऱ्या ‘सानंद’ या संस्थेची नाटके त्यांनी तीन वर्षे सोडली होती. अडीच तास अंधारात रांगेच्या मधोमध बसणे त्यांना अशक्य वाटे आणि लोकांचे गुडघे ओलांडत उठणे लाजिरवाणे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा जायला सुरुवात केली. विद्यापीठाच्या सभागृहात काकू आत बसतात, ते कडेच्या खुर्चीवर. परवा तक्ता अद्ययावत करायला आले तेव्हा त्या महिन्याचा चौकोन मी वाचला : ‘दूध 1 लि. नाटक. मध्यंतराआधी एकदा, नंतर नाही.’